सोनोग्राफीला जाण्यापूर्वी

सोनोग्राफीसाठी येणाऱ्या रुग्णास आम्ही कधी उपाशीपोटी यावयास सांगतो, तर कधी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावयास सांगतो. आणि या सूचनांचे कारण समजावून देण्याइतकी सवड दवाखान्याच्या गर्दीत मिळत नसल्यामुळे पुष्कळांना तो निष्कारण जाच वाटतो. ते कारण आज सांगण्याचा मानस आहे.

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो; या तपासणीतील ध्वनीची कंपने मात्र साधारणतः २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत असतात. आघाताने वीज उत्पन्न करण्याचा काही स्फटिकांचा जो गुणधर्म पिअर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला, त्याच्याच आधारे आमच्या हातातील प्रोब ध्वनी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतोही. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, म्हणून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परतलेला प्रतिध्वनी साडेसात सेंटिमीटरांहून किंचित अधिक खोलीवरून आला, असा हिशेब यंत्र मांडते, आणि अशा असंख्य हिशेबांतून पडद्यावर चित्र उमटते. धातूतील भेगा शोधण्याच्या यंत्राची ही विद्या ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह स्त्रियांच्या पोटातील गाठींकडे वळविली आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या ध्वनीस हवेचे मात्र वावडे आहे. हवेशी गाठ पडताच तो जवळजवळ सगळाच मागे फिरतो. म्हणूनच त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये ती थंड, चिकट जेली लावावी लागते, आणि म्हणूनच भरलेले मूत्राशय आतड्यांतील वायूस बाजूला सारून गर्भाशयाकडे वाट करून देते. पित्ताशयाचे प्रकरण निराळे. ते उपाशीपोटी पित्ताने फुगलेले असते. “फक्त चहाच घेतला” असे सांगणाऱ्या रुग्णाचे पित्ताशय दुधाच्या त्या घोटांनीही आक्रसू शकते, आणि मग आतील बारीक खडा नजरेतून निसटण्याचा संभव असतो. एरवी तो खडा काळ्या पित्तात पांढरा ठिपका होऊन चमकतो, मागे काळी सावली टाकतो, आणि रुग्ण कुशीवर वळला की बहुधा घरंगळतो. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र उपाशी राहण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

यात क्ष-किरण नसल्यामुळे गर्भाच्या वाढीवर नजर ठेवण्यास ही तपासणी सोयीची ठरली. तिचा दुरुपयोगही त्याच वाटेने शिरला, ही आम्हां वैद्यकव्यवसायातील लोकांना अत्यंत लाजिरवाणी गोष्ट होय. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा करून गर्भलिंगनिदानास मज्जाव केला. तेव्हा मुलगा की मुलगी, हे आम्हांस खुणेनेही विचारू नका; बाळाचे हृदय, मणका, वाढ यांविषयी मात्र अवश्य विचारा.

येताना जुने रिपोर्ट सोबत आणावेत, कारण गाठ वाढली की होती तेवढीच आहे, हे मागच्या मापांवाचून सांगता येत नाही.