उमेदवाराची हिशेबवही



निवडणूक जवळ आली की गावच्या शाळेतल्या गुरुजींना हुकूम येतो : अमुक दिवशी तालुक्याला प्रशिक्षणास हजर राहावे. न जाऊन चालत नाही. मतदानयंत्र कसे जोडावे, शाई कोणत्या बोटाला लावावी, कोणता कागद कोणत्या पाकिटात घालावा, हे सारे त्यांना शिकावेच लागते. आणि ते योग्यच आहे. परंतु जो निवडणुकीला उभा राहतो त्या उमेदवाराचे काय? त्याच्यावरही कायद्याने एक बिकट काम सोपविले आहे. ते म्हणजे खर्चाचा हिशेब.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे लोकसभेच्या वा विधानसभेच्या उमेदवाराला अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च लिहून ठेवावा लागतो, आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो सादर करावा लागतो. त्यासाठी बँकेत वेगळे खाते हवे. वहीचे तीन भाग असतात : रोजच्या खर्चाची पांढरी पाने, रोख रकमेची गुलाबी आणि बँकेची पिवळी. आता समजा, मेहुण्याने प्रचारासाठी आपली जीप फुकट दिली. उमेदवार म्हणतो, "यात माझा पैसा कुठे गेला?" पण कायद्याच्या दृष्टीने त्या जीपचे भाडे हा खर्चच. ते वहीत यायला हवे. हे न सांगता कोणाला कळणार?

चूक किती महागात पडते त्याचे एक उदाहरण सांगतो. उत्तर प्रदेशात २००७ साली विधानसभेवर निवडून आलेल्या उमलेश यादव यांनी वर्तमानपत्रांत पैसे देऊन छापविलेल्या मजकुराचा खर्च हिशेबात दाखविला नव्हता. रक्कम होती २१,२५० रुपये. निवडणूक आयोगाने २०११ साली त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले.

हे मोठ्या सभागृहाचे झाले. आपल्या ग्रामपंचायतीलाही हा नियम आहे. हिशेब वेळेत दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र व्हावे लागते. "आपण पडलो, आता हिशेब कसला?" असे पराभूत उमेदवार म्हणतो आणि पुढच्या निवडणुकीचे दार स्वतःच लावून घेतो. बिनविरोध आलेल्याचीही यातून सुटका नाही.

हिशेब कसा ठेवावा हे समजावून सांगण्यासाठी अधिकारी उमेदवारांच्या बैठका घेतात, नाही असे नाही. पण स्वतः उमेदवाराने बसून शिकलेच पाहिजे असे कलम कायद्यात नाही. बहुधा कोणीतरी कार्यकर्ता जातो, चहा घेतो, छापील कागद घेऊन परत येतो. माझे म्हणणे असे, की हे प्रशिक्षण गुरुजींप्रमाणेच उमेदवारालाही सक्तीचे करावे. तालुक्याच्या गावी दोन तासांचा वर्ग पुरे. नमुन्याची वही समोर ठेवून चार नोंदी प्रत्येकाकडून लिहून घ्याव्यात.

कोणी म्हणेल, गरीब उमेदवारावर हा आणखी एक बोजा. मला तर उलटे वाटते. श्रीमंत उमेदवार पगारी हिशेबनीस ठेवतो. अडतो तो गरीबच. आणि ज्याला खर्च लपवायचाच आहे, तो शिकवून थोडाच सुधारणार? खरे आहे. पण हिशेब न देण्यास सबळ कारण होते काय, हे आयोग पाहत असतो. प्रशिक्षण घेतलेल्याला "मला माहीत नव्हते" ही सबब तरी उरणार नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या हातातली. आमदार-खासदारांच्या उमेदवारीचा हा हिशेब एक रुपया फी भरून कोणाही नागरिकाला पाहता येतो, असा १९६१ च्या नियमांत हक्क दिलेला आहे. गावातील एखाद्या शिक्षकाने दोन जाणती माणसे बरोबर घेऊन तो एकदा पाहून यावा. आपण पाहिलेल्या सभा, मांडव, गाड्या त्या पानांत आहेत का, हे ताडून पाहावे. वही कोणीतरी वाचणार आहे हे कळले, की लिहिणाराही नीट लिहू लागतो.