निरोप
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आपल्या जवळच्या अलिबागच्या इस्रायल आळीतून १९४८ नंतर कितीतरी बेने इस्रायली कुटुंबे इस्रायलला गेली. पूर्वी ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. कित्येकांनी आडनावातून गाव बरोबर नेले : रोहेकर, पेणकर, किहीमकर, चेऊलकर. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. त्यांचे प्रार्थनामंदिर आजही आळीत उभे आहे.

येत्या महिन्यात माझा पुतण्या मस्कतला निघाला. परवा देवापुढे नारळ ठेवून बराच वेळ उभा होता. वहिनी हाक मारू लागल्या. मी म्हटले, असू द्या. देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव आहे. पत्त्याच्या रकान्यात मी आपल्या गावाचेच नाव लिहिले आहे.