कुलूप त्यांचे, शब्द आपले

(सिनेगॉगमधील सभेत केलेल्या ध्वनिमुद्रित भाषणावरून)



आपल्या पत्रिकेचे जुने अंक ज्या मराठी सॉफ्टवेअरवर जुळविले गेले, ते संगणकाला एक छोटे ‘लॉक’ जोडल्याशिवाय चालत नाही. ते लॉक गेल्या महिन्यात निकामी झाले. कंपनीने कळविले की, बदली लॉक मिळणार नाही, नवी आवृत्ती विकत घ्या. मजकूर आपला आहे. परंतु ती अक्षरे युनिकोडमध्ये नसल्यामुळे अन्यत्र फाईल उघडली की निरर्थक चिन्हेच दिसतात. वडीलधाऱ्यांच्या कोकणातील आठवणी, कीर्तनांचे शब्द, दिवंगतांवरील लेख, सारे त्या कुलपाआड आहे.

कोणी म्हणाले, पैसे भरून मोकळे होऊ. कोणी म्हणाले, लॉक तोडलेली प्रत आणू. मला दोन्ही मान्य नाहीत. विक्रेता अडवणूक करीत असला तरी चोरी ती चोरीच. तोरा त्यात सूट देत नाही. आणि पैसे भरले, तर आपण पुन्हा त्याच कुलपाची किंमत मोजणार.

तिसरा मार्ग आहे : न घेणे. तो आपल्या परंपरेला परका नाही. मिश्नेत सांगितले आहे की, यरुशलेममध्ये अर्पणाच्या पक्ष्यांच्या जोडीचा भाव सोन्याच्या दिनारापर्यंत चढला, तेव्हा रब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी अर्पणाचा नियम सौम्य केला. मागणी घटली आणि त्याच दिवशी भाव कोसळला. सतराव्या शतकात मोराव्हियातील निकोल्सबुर्ग येथे मासळीवाल्यांनी शब्बाथच्या मासळीचे भाव वाढविले. लोकांनी ती काही काळ न घेण्याचे ठरविले. रब्बी मेनाहेम मेंडेल क्रोखमल यांनी त्यास संमती दिली. कारण गरिबालाही शब्बाथ साजरा करता आला पाहिजे. २०११ साली याच देशात कॉटेज चीजचे काय झाले, ते आपण स्वतः पाहिले आहे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हे घडले आहे. अमेरिकेत इंट्युइट कंपनीने २००२ च्या करवर्षासाठी काढलेल्या टर्बोटॅक्सवर असे बंधन घातले की, विवरणपत्र एकाच संगणकावरून छापता यावे. ग्राहक संतापले, अनेकांनी प्रतिस्पर्ध्याचे सॉफ्टवेअर घेतले. मे २००३ मध्ये कंपनीने ते बंधन सोडले आणि ग्राहकांची माफी मागितली. तेथे बहिष्कार फळला, कारण दुसरा पर्याय हाताशी होता आणि मागणी एकच व स्पष्ट होती.

आपण मूठभर कुटुंबे. आपल्या नकाराने कंपनी हलेल, असे मी वचन देत नाही. परंतु पर्याय आपल्याही हाताशी आहे. लिबरऑफिस विनामूल्य आहे, त्यात युनिकोड मराठी चालते आणि त्याच्या फाईल कोणा एकाच्या मालकीच्या स्वरूपात अडकत नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी. नवी आवृत्ती घेऊ नये. का घेत नाही, ते कंपनीस सभ्य शब्दांत लिहून कळवावे. आणि ज्यांच्या घरी छापील जुने अंक असतील, त्यांनी ते समितीकडे आणावेत. प्रत्येक कुटुंबाने एकेक अंक पुन्हा टंकित केला, तर आजोबांचे शब्द नातवंडांच्या हाताखालून जातील. या मुलांना मराठी वाचता येते, पण लिहिण्याचा प्रसंग येत नाही. तो या निमित्ताने येईल.

पहिला अंक मी आजच घरी नेत आहे. शालोम.