लेकराच्या वाटीतली ज्वारी

 

आज आपण जिवतीच्या पहाडावर जाऊ. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरात हा तालुका आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. कोलाम आणि गोंड यांची इथे जुनी वस्ती आहे. पुढे मराठवाड्यातूनही पुष्कळ कुटुंबे आली. ज्वारीच्या कण्या आणि आंबील हे या भागातले जुने जेवण. आता वावरात कापूस पुढे झाला आणि ज्वारी धुऱ्याकडे सरकली. कापसाचा पैसा आला की दुकानातला बिस्किटाचा पुडा येतो, आणि आईला वाटते, लेकराला चांगलेचुंगले दिले. पण त्या पुड्यात मैदा आणि साखरच जास्त. ज्वारी घरात असून लेकरू अंगाने भरत नाही, ते का?

याची दोन कारणे आहेत, आणि दोन्हींवर उपाय घरातच आहे.

पहिले कारण असे. अंग वाढायला प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीत ती सुमारे १० ग्रॅम असतात, तुरीच्या डाळीत सुमारे २२. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे, ते तुरीत असते. तुरीत जे उणे, ते ज्वारीत. म्हणून दोघी एकत्र हव्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशक्त मुलांसाठी गहू, हरभरा, शेंगदाणा आणि गूळ यांचे मिश्रण तयार केले, त्यामागचे तत्त्व हेच. आपल्याकडे गव्हाच्या जागी ज्वारी घ्यावी आणि हरभऱ्याच्या जागी तूर. तीन वाट्या ज्वारी, एक वाटी तुरीची डाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. सगळे वेगवेगळे भाजावे, मग दळावे. बुरशी लागलेला, कडवट शेंगदाणा मात्र फेकूनच द्यावा. पीठ कोरड्या डब्यात ठेवावे, आणि पंधरा दिवसांना पुरेल एवढेच करावे.

दुसरे कारण बारीक आहे, बरं का. लेकराचे पोट लहान. घट्ट पेज त्याला गिळत नाही, म्हणून आई पाणी घालते. पाण्याने पातळ केलेल्या पेजेने पोट भरते, पण अंग भरत नाही. पाणी न वाढवता पेज पातळ करता आली तर? करता येते. धान्याला मोड आले की त्यात एक पाचक द्रव्य तयार होते आणि ते पिठाचा चिकटपणा मोडते.

त्यासाठी ज्वारी रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. दीड-दोन दिवसांत मोड येतील. मग उन्हात खडखडीत वाळवा, आणि हातांनी चोळून मोड व मुळे पाखडून टाका. हे विसरू नका! कोवळी ज्वारी खाऊन गुराला विषबाधा होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे; तेच विष या मोडांतही असते. उरलेले दाणे अगदी हलके भाजून दळा. जास्त भाजले तर पाचक द्रव्य मरते. आणखी एक: पेरणीसाठी आणलेले औषध लावलेले बियाणे कधीही घेऊ नका.

आता घट्ट पेज शिजवून खाली उतरवा. त्यात या पिठाचा एक चमचा घालून ढवळा. थोड्याच वेळात ती सैल होईल. मग पुन्हा चांगली उकळी आणा आणि कोमट करून द्या. वाटी तेवढीच, पण तिच्यात दाणा जास्त. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला अंगावरच्या दुधाबरोबर ही पेज चालते.

मोठ्या मुलांसाठी मोहफुले आहेत. मोह म्हणजे केवळ दारू, असे समजू नका. झाडाखाली जुनी लुगडी अंथरून फुले झेला म्हणजे माती लागत नाही. ती स्वच्छ वाळवा, आतले केसर काढा, भाजा, कुटा, आणि भाजलेले ज्वारीचे पीठ व तीळ घालून लाडू वळा. गोडी मोहाची, बळ ज्वारी-तिळाचे.

गुरुजींनो, बाईंनो, शाळेत एकदा दोन वाट्या शेजारी ठेवून दाखवा: एक घट्ट पेजेची, एक चमचाभर पीठ घातलेली. मुले घरी जाऊन सांगतील. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, तेही पाहत जा. मूल फारच वाळले असेल, किंवा त्याच्या पायांवर सूज असेल, तर पेजेवर विसंबू नका. आरोग्य केंद्रात न्या.

आणि शेतकरी बंधूंनो, कापूस जरूर लावा. पण पेरणीच्या आधी घरात किती लेकरे आहेत ती मोजा, आणि तेवढ्यांपुरती ज्वारी नि तूर वावरात राखून ठेवा. बाजारासाठी पेरताना लेकराची वाटी रिकामी राहू नये, एवढेच माझे सांगणे.