पावसाची वही आणि नक्षत्रांचा तक्ता

जून महिन्यात पाऊस किती झाला, असं विचारलं तर कचेरीच्या कागदावर उत्तर सापडतं. पण आपल्या गावात पावसाचा हिशेब महिन्यांनी कोण मांडतो? "मृग बरा गेला, आर्द्रा कोरडी गेली, तरण्या पावसानं हात दिला," असंच आपण बोलतो. आणि ते उगीच नाही. आर्द्रा सुरू होते जूनमध्ये आणि संपते जुलैत. महिन्यांच्या बेरजेत तिचे दोन तुकडे पडतात. सगळा पाऊस मृगातच पडून गेला आणि पुढं चौदा दिवस आभाळ कोरडं राहिलं, तरी जूनचा आकडा चांगलाच दिसतो! तिकडे शेतात रोपं माना टाकतात.

तेव्हा आजचा प्रश्न असा : रोजच्या पावसाच्या नोंदी संगणकात भरल्या, तर त्यांची नक्षत्रवार बेरीज कशी काढावी?

शिक्षक मित्रहो, शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोज एक नोंद होते : गावाचा क्रमांक, तारीख आणि मिलिमीटर. हा झाला पहिला तक्ता. आता पुष्कळांना वाटतं, की शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि प्रत्येक नोंदीपुढं नक्षत्राचं नाव लिहावं. पण असं करू नका. एका गावाच्या चार महिन्यांच्या नोंदी शंभरावर जातात. दहा गावं आणि दहा वर्षं धरली तर बारा हजारांवर. त्यात एखादं नक्षत्र चुकीच्या तारखेपासून धरलं गेलं, तर किती ठिकाणी खाडाखोड करणार?

त्यापेक्षा दुसरा, लहानसा तक्ता करावा. त्यात एका नक्षत्राची एकच ओळ : वर्ष, नाव, आरंभाची तारीख, शेवटची तारीख. समजा, यंदा पंचांगात मृग 8 जूनला, आर्द्रा 22 जूनला आणि पुनर्वसू 6 जुलैला लागतं. मग मृग 8 ते 21 जून, आर्द्रा 22 जून ते 5 जुलै. मृगापासून हस्तापर्यंत नऊच ओळी. पुढच्या वर्षी एखादी तारीख दिवसानं सरकली, तर त्या वर्षाच्या ओळी निराळ्या लिहायच्या. पावसाच्या वहीला हात लावायचा नाही.

माहिती अशी वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवावी आणि लागेल तेव्हा त्यांचा संबंध जोडावा, हा विचार आयबीएम कंपनीत काम करणारे एडगर कॉड यांनी 1970 साली एका निबंधात मांडला. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

हा संबंध जोडायचा कसा? एरवी तो बरोबरीचा असतो. नोंदीत गाव क्रमांक 7 असेल, तर गावांच्या तक्त्यात 7 पाहायचा आणि नाव उचलायचं. इथं मात्र बरोबरी नाही, इथं 'मध्ये बसणं' आहे. नोंदीची तारीख ज्या नक्षत्राच्या आरंभाला किंवा आरंभानंतर आणि शेवटाला किंवा शेवटाआधी येते, ती नोंद त्या नक्षत्राची. 30 जूनची नोंद आर्द्रेत बसते, म्हणून ती आर्द्रेची. जोडणी झाली, की गावाप्रमाणे, वर्षाप्रमाणे आणि नक्षत्राप्रमाणे गट पाडून मिलिमीटरची बेरीज मागायची. संगणकाच्या एस्क्यूएल भाषेत जोडणीला 'जॉइन' आणि गट पाडण्याला 'ग्रूप बाय' म्हणतात. शब्द परके, पण काम आपल्या खतावणीचंच.

आता तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट बांधाची. शेताच्या बांधासारखीच तारखांची हद्द स्पष्ट हवी. मृगाचा शेवट 22 जून आणि आर्द्रेचा आरंभही 22 जून लिहिला, तर त्या दिवसाचा पाऊस दोनदा मोजला जाईल. मृग 20 लाच संपवला, तर 21 चा पाऊस कुठंच जाणार नाही. म्हणून ताळा पाहावा : सर्व नक्षत्रांची मिळून बेरीज आणि तेवढ्याच दिवसांच्या वहीची सरळ बेरीज एकच आली पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. स्वयंचलित यंत्र तारखेबरोबर वेळही नोंदवतं. तिथं '5 जुलैपर्यंत' म्हटलं, की संगणक बहुधा 5 जुलैच्या आरंभीची मध्यरात्र समजतो आणि त्या दिवशी दुपारी पडलेला पाऊस बाहेर राहतो. अशा वेळी 'पुढचं नक्षत्र लागण्याच्या तारखेच्या आत' अशी अट घालावी. शिवाय हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा आधीच्या चोवीस तासांचा असतो. तो कोणत्या तारखेला धरायचा हे एकदा ठरवावं आणि मग ती रीत मोडू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ वह्यांत पाऊस पडला तरच नोंद होते. मग आर्द्रा पूर्ण कोरडी गेली, तर तिची एकही नोंद नाही. साध्या जोडणीत जुळणी नसलेली ओळ गळते, म्हणजे अहवालात आर्द्रेचं नावच येत नाही! जे नक्षत्र शेतकऱ्याला बुडवून गेलं, नेमकं तेच कागदावरून नाहीसं होतं. यावर उपाय 'लेफ्ट जॉइन'. यात नक्षत्रांचा तक्ता आधी धरतात आणि नोंद असो वा नसो, त्याची प्रत्येक ओळ राखतात.

पण तेवढ्यानं भागत नाही. रिकामी जागा दिसली, तर पाऊस पडला नाही, की कोणी मोजला नाही? हे संगणक सांगू शकत नाही. ते वही लिहिणाऱ्यानंच सांगायचं. म्हणून कोरड्या दिवशीही शून्य लिहा. बेरजेशेजारी नोंदींची संख्याही मागा, आणि ती पावसाच्या रकान्यातल्या आकड्यांचीच मोजा. चौदा दिवसांच्या नक्षत्रात चौदा नोंदी आणि बेरीज शून्य, तर तो कोरडा काळ. नोंदी पाचच असतील, तर ती बेरीज अपुरी.

याचा उपयोग काय, असं कोणी विचारील. पुरेसा, म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, असा सल्ला कृषी खातं देत असतं. आपल्या गावात मृग संपेपर्यंत तेवढा पाऊस किती वर्षांत झाला, हे असा तक्ता सांगतो. दुबार पेरणीचं बियाणं ज्यानं एकदा उसनवारीनं आणलं आहे, त्याला या उत्तराची किंमत वेगळी सांगायला नको.

शिक्षकांनी हा धडा आधी फळ्यावरच घ्यावा. मुलांना दोन तक्ते आखू द्यावेत, बोट ठेवून तारीख कोणत्या ओळीत बसते ते शोधू द्यावं. संगणक नंतर येऊ दे. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, शाळेतलं पोर सकाळी मापकातला आकडा घेऊन आलं, तर तो वहीत लिहून ठेवा. शून्य असला तरी लिहा.