फटफटी आणि तिची पुंगळी



आपल्या वडीलधाऱ्यांनी मोटारसायकलीला ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. आज भंडारा-साकोली रस्त्यावर पल्सर, आर-पंधरा किंवा ड्यूक दामटणाऱ्या कित्येक तरुणांना कारखान्यातून आलेला आवाज मवाळ वाटतो. मिस्त्रीकडून मूळ सायलेन्सर काढून दुसरी पुंगळी बसवली की गाडीला जोर येतो, अशी त्यांची समजूत. ती कितपत खरी, हे आज पाहू.

इंजिनात भडका उडाला की तापलेला वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. सायलेन्सरातले कप्पे आणि जाळ्या ते धक्के मोडतात, म्हणून आवाज दबतो. पण त्याचे काम एवढ्यावर संपत नाही. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे तयार होणारी यामाहा आर. एक्स. १०० ही टू-स्ट्रोक गाडी पुष्कळांना आठवत असेल. तिच्या फुगीर नळीत दाबाची लाट आपटून मागे फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ती नळी कापली की आवाज वाढतो आणि जोर घटतो! एप्रिल २०२० नंतरच्या बी. एस. सहा गाड्यांत तर विषारी वायू कमी करणारे उपकरण आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर याच वाटेवर बसवलेले असतात. शर्यतीसाठी पुंगळी बदलतात हे खरे. परंतु तेथे पेट्रोल आणि हवेचे प्रमाणही नव्याने जुळवून घेतात. नुसती पुंगळी बदलून हाती येतो तो बहुधा आवाजच.

आणि तो किती? ८० ते १७५ सी. सी.च्या दुचाकीसाठी १ एप्रिल २००५ पासून कारखान्यांना ७७ डेसिबलची मर्यादा घालून दिली गेली. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी : ७७ चे ८७ झाले म्हणजे आवाज थोडा वाढला असे नव्हे, त्याची शक्ती दहापट झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाजाचे नियम मोडणाऱ्यास पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय परवानाही तीन महिने जातो.

माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. घरचे धान विकले गेले, त्यातले काही हजार रुपये त्याने वडिलांकडून मागून घेतले आणि पुंगळी बसवली. पुढचा टायर मात्र पार गुळगुळीत झाला होता. अवकाळी पावसात ओल्या वळणावर गाडी घसरली, उजवे मनगट मोडले, आणि वर्षभर अभ्यास केलेल्या पोराला परीक्षेत लेखनिक घ्यावा लागला.

तेव्हा तरुण मित्रांनो, गाडीचा शौक जरूर करा. तो वाईट नाही. पण पैसा आधी टायरला, ब्रेकला, साखळीला आणि चांगल्या हेल्मेटला लावा. वळणावर गाडी सांभाळतात त्या या वस्तू.

त्या मुलाचे वडील दवाखान्यात रागावले नाहीत. पलंगाशी बसून त्यांनी एवढेच विचारले, “आवाज तर मोठा होता ना रे, मग गाडी काऊन थांबली नाही?”

मुलाजवळ उत्तर नव्हते.