अग्रस्थानाचा मान आणि त्याचे ओझे
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत अकोट येथे केलेले भाषण)



ज्युबिलीचा समारंभ म्हटला की मानपानाचा प्रश्न आलाच. पहिल्या रांगेत कोणी बसावे, सर्वांच्या वतीने दोन शब्द कोणी बोलावे, ह्यावरून रुसवे-फुगवे होतात. राष्ट्रांच्या वकिलांमध्येही हा प्रश्न फार दिवस धुमसत होता. तो कसा सुटला, ते आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

1661 साली लंडन शहरी नव्या स्वीडिश वकिलाच्या स्वागतप्रसंगी फ्रान्सची गाडी पुढे जावी की स्पेनची, एवढ्यावरून भर रस्त्यात मारामारी होऊन माणसे प्राणास मुकली. हा कज्जा तुटला तो 19 मार्च 1815 रोजी, व्हिएन्नाच्या परिषदेत. त्या समयी तेथे इंग्लंडचे मुख्य प्रतिनिधी ड्यूक ऑफ वेलिंग्टन होते. हे वेलिंग्टन म्हणजे आपल्या अकोटनजीकच्या अडगावी 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेवर जय मिळविणारे आर्थर वेलस्लीच होत. पुढे 17 डिसेंबरास देवगावी भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र त्यांच्याशी तह करण्यास बसले. हरलेल्या पक्षाच्या वकिलास बळ ते किती असणार! वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख गेला. नरनाळा व गाविलगड मात्र भोसल्यांकडे राहिले.

व्हिएन्नात ठरले ते ह्याहून निराळे. एका दर्जाच्या वकिलांत जो आधी आला तो आधी. त्याच्या राष्ट्राची फौज व खजिना मोजावयाचा नाही. परमगुरुस्वामींच्या प्रतिनिधींविषयीची पूर्वापार चाल तेवढी कायम राखिली. 18 एप्रिल 1961 च्या व्हिएन्ना करारातही हाच नियम व हाच अपवाद आहे. म्हणून पुष्कळ कॅथलिक देशांत नुन्सिओ हेच राजदूतमंडळाचे ज्येष्ठ, म्हणजे डीन, असतात. आपल्या देशाचे परमपीठाशी राजनैतिक संबंध 1948 पासून असले, तरी दिल्लीत क्रम लागतो तो आगमनाच्या तारखेने.

ह्या ज्येष्ठास अधिकार कोणता? इतर राजदूतांस आज्ञा करण्याचा तर मुळीच नाही. नवागतास दरबारची रीत सांगावी, समारंभी सर्वांच्या वतीने बोलावे, निघणाऱ्यास निरोप द्यावा, आणि सर्वांची अडचण यजमान सरकारच्या कानी घालावी, हेच त्याचे काम. 2016 च्या नोव्हेंबरात मोठ्या नोटा रद्द झाल्या व वकिलातींनाही पैसे काढण्यास मर्यादा पडली. ते गाऱ्हाणे परराष्ट्र मंत्रालयापुढे मांडणे डोमिनिकन प्रजासत्ताकाचे राजदूत फ्रँक हान्स डानेनबर्ग कास्तेलानोस ह्यांच्या वाट्यास आले. बलाढ्य राष्ट्रांचे राजदूत दिल्लीत असता बोलावे लागले ते एका लहान देशाच्या राजदूतास, कारण डीन ते होते.

परंतु ह्या पदाची खरी कसोटी पाहावयाची तर 1944 सालच्या बुडापेस्टकडे वळावे. हंगेरीतील यहुदी लोकांस गाड्यांत कोंबून मरणाकडे धाडण्यात येत होते. तेथील नुन्सिओ आंजेलो रोत्ता हे राजदूतमंडळाचे डीन होते. मेजवान्यांत पहिली खुर्ची त्यांचीच. पण 21 ऑगस्ट रोजी स्वीडन, स्वित्झर्लंड, स्पेन व पोर्तुगाल ह्यांच्या प्रतिनिधींसह त्यांनी हद्दपारीविरुद्ध सरकारास संयुक्त निषेधपत्र दिले. पुढे संरक्षणपत्रे देऊन त्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले. त्यांच्यापाशी एक शिपाईही नव्हता. सर्वांच्या वतीने बोलण्याचा हक्क होता, आणि तो त्यांनी ज्यांच्या वतीने बोलणारे कोणी उरले नव्हते त्यांच्यासाठी वापरला. 1997 साली याद वाशेम संस्थेने त्यांचा सन्मान केला.

बंधुभगिनींनो, मेजवानीत वरच्या जागा शोधणाऱ्यांस प्रभूने काय शिकविले, ते आपण जाणताच. आज ज्या वडीलधाऱ्यांस आपण मानाने पुढे बसविले आहे, ते ह्या धर्मग्रामात आधी आले आणि टिकून राहिले. त्यांस आमची एवढीच विनंती, की उद्या एखादे नवे कुटुंब बुजून मागील बाकावर बसेल, तेव्हा आपण उठून त्याच्यापाशी जावे. आणि ज्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, त्याचे गाऱ्हाणे आमच्यापर्यंत, व जरूर तर सरकारदरबारीही, निर्भयपणे पोहोचवावे. देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.